रूट असूनही नकार

वेब सर्व्हर नेहमीच्या 80 ऐवजी 3131 पोर्टवर चालवायचा आहे. कॉन्फिग फाइलमधला आकडा बदलला, सर्व्हिस रीस्टार्ट केली, आणि स्क्रीनवर आलं: 'परमिशन डिनाइड'. सिस्टिम सांभाळणारा चक्रावतो. लॉगिन रूटचं आहे, पोर्ट मोकळा आहे, फायरवॉलचा तर अजून संबंधच आलेला नाही. मग अडवलं कोणी?

फेडोरा किंवा रेड हॅटच्या मशीनवर ऑडिट लॉग उघडला की एक लांबलचक नोंद सापडते. कामाच्या गोष्टी तिच्यात तीनच. मागणारा कोण, तर 'एचटीटीपीडी_टी' हे लेबल असलेली प्रोसेस. मागितलं काय, तर 'अनरिझर्व्हड_पोर्ट_टी' लेबलचा पोर्ट. करायचं काय होतं, तर 'नेम_बाइंड'. या जोडीला परवानगी देणारा नियम पॉलिसीत नाही, म्हणून नकार. मागणारा रूट आहे की नाही, हे इथे कुणी विचारतच नाही.

ही एसईलिनक्सची, म्हणजे लिनक्स कर्नलमधल्या लेबलांवर चालणाऱ्या सुरक्षा-यंत्रणेची करामत. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने डिसेंबर 2000 मध्ये ही यंत्रणा खुली केली आणि 2003 साली ती 2.6 कर्नलमध्ये दाखल झाली.

लेबल सॉकेटलाही असतं. प्रोसेसने सॉकेट मागितलं की कर्नल सहसा त्या प्रोसेसचंच लेबल त्याला देतो. ऐकत बसलेल्या सॉकेटवर नवं कनेक्शन आलं, तर त्याच्या सॉकेटला ऐकणाऱ्याचं लेबल मिळतं. 'एसएस -झेड' चालवलं की ही लेबलं समोर दिसतात. गंमत सर्व्हिसेस सुरू करणाऱ्या सिस्टिमडीची. सर्व्हिस सुरू होण्याआधीच तिच्यासाठी सॉकेट उघडून ठेवायचं, तर लेबल सिस्टिमडीचं लागणार! म्हणून 'सॉकेट बनवताना अमुक लेबल लाव' असं कर्नलला आधी सांगण्याची सोय ठेवली आहे.

आणखी एक खाचखळगा. साधारणपणे 32768 ते 60999 हे पोर्ट कर्नल स्वतःच तात्पुरते वाटतो. त्यांच्यासाठी पोर्टच्या लेबलची ही तपासणी होतच नाही. 3131 ला अडलेला सर्व्हर 40000 वर बिनबोभाट चालू झाला, तर नवल नाही.

उपाय एका ओळीचा आहे: 'सेमॅनेज पोर्ट' वापरून 3131 ला वेब पोर्टचं लेबल द्यायचं. तरी कितीतरी जण सरळ 'सेटएन्फोर्स 0' मारतात आणि एसईलिनक्सची सगळी सक्तीच उठवून मोकळे होतात. बोटाला लागलं म्हणून सगळ्या अंगाला भूल देण्याचाच हा प्रकार.

खरी अडचण मशीनबाहेर सुरू होते. लेबल कर्नलच्या मेमरीत असतं. एकाच मशीनवरच्या दोन प्रोसेस युनिक्स सॉकेटवरून बोलत असतील तर पलीकडच्याचं लेबल विचारता येतं, कारण दोन्ही टोकं त्याच कर्नलच्या हातात असतात. केबलवरून निघालेल्या पॅकेटवर मात्र एरवी काहीच लिहिलेलं नसतं. 2006 मध्ये 2.6.19 कर्नलात आलेल्या नेटलेबलने यावर सिप्सोचा मार्ग काढला: आयपी हेडरच्या ऑप्शन्समध्ये लेबल लिहायचं. जागा फार तर 40 बाइट. त्यामुळे गोपनीयतेची पातळी आणि वर्ग एवढंच जातं, 'एचटीटीपीडी_टी' मागेच राहतं. त्यात वाटेतले कित्येक राउटर ऑप्शन्सवाली पॅकेट्स टाकून देतात. उघड्या इंटरनेटवर हे चालणं कठीणच. दोन्ही टोकं आपल्या ताब्यात असतील तिथेच त्याचा उपयोग.

एका मशीनच्या आत मात्र ही लेबलं चोख काम करतात, आणि ते मशीन बहुधा वाचकाच्या खिशातही आहे. अँड्रॉइड 5.0 पासून एसईलिनक्स फोनभर सक्तीने लागू आहे. अँड्रॉइड 11 साठी बनवलेल्या साध्या ॲपने कर्नलशी बोलण्यासाठीचं नेटलिंक सॉकेट उघडून बाइंड करायचा प्रयत्न केला, की नकार मिळतो. फोनचा मॅक ॲड्रेस त्याच्या हाती लागू नये, यासाठी.