अहवालांना कुलूप लावा, पण किल्ली सांभाळा

छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय म्हणजे सर्वांच्या तोंडची ‘घाटी’. मराठवाड्यातून येथे येणाऱ्या रुग्णाच्या हातात जुन्या कागदांची पिशवी ठरलेली. आता त्यातले बरेच कागद पेन ड्राइव्हमध्ये असतात. रक्ततपासणी, सोनोग्राफी, मानसोपचाराची चिठ्ठी, आधार कार्ड, सारे एकत्र. तो पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानात विसरला, तर ज्याला सापडेल त्याला सगळे वाचता येते. हरवलेला अहवाल पुन्हा मिळवता येतो. चारचौघांत झालेला आजार पुन्हा झाकता येत नाही.

यावर ‘जीपीजी’ हा मोफत उपाय आहे. जर्मनीचे वेर्नर कॉख यांनी तो तयार केला. पहिली पूर्ण आवृत्ती १९९९ मध्ये आली. लिनक्सच्या अनेक संगणकांत तो आधीपासूनच असतो, विंडोजवर घ्यावा लागतो. वापर एका ओळीचा. कमांडच्या खिडकीत ‘जीपीजी’ ही इंग्रजी अक्षरे, मग आडवी रेघ व तिला जोडून लहान ‘सी’, शेवटी फाइलचे नाव लिहायचे. परवलीचे शब्द दोनदा विचारले जातात आणि फाइलची कुलूपबंद प्रत तयार होते.

आत काम करते ते ‘एईएस’ नावाचे गणित. बेल्जियमच्या दोघा तज्ज्ञांनी रचलेली ही पद्धत अमेरिकेने २००१ मध्ये मानक म्हणून स्वीकारली. तिची रचना जगजाहीर आहे, गुपित असते ती फक्त किल्ली. म्हणून जन्मतारीख किंवा गाडीचा नंबर नको. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द घ्यावेत. ते विसरले, तर फाइल कायमची गेली. ‘पासवर्ड विसरलात?’ अशी सोय येथे नाही. ते कागदावर लिहून घरच्या कपाटात ठेवावेत आणि घरातल्या एका विश्वासू माणसाला सांगावेत.

आणखी एक खबरदारी. मूळ फाइल जागेवरच राहते. त्यामुळे कुलूप घरच्या संगणकावर लावावे आणि नव्या पेन ड्राइव्हवर फक्त बंद प्रत घ्यावी. फाइलचे नाव झाकले जात नाही, म्हणून नावात आजाराचा उल्लेख टाळावा.

शहराजवळच्या देवगिरीची एक कथा सांगतात. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीचा वेढा पडला, तेव्हा धान्य समजून गडावर नेलेल्या पोत्यांत मीठ निघाले. पोती आधी उघडून पाहिली नव्हती. बंद फाइलचेही तसेच. संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा, फाइल एकदा उघडून पाहावी, मगच मूळ प्रत पुसावी.

मात्र रक्तगट, औषधांची ॲलर्जी आणि चालू गोळ्यांची नावे कुलपात ठेवू नयेत. ती खिशातल्या साध्या चिठ्ठीवरच हवीत. अपघात विभागातल्या डॉक्टरांकडे आपली किल्ली नसते.