हृदय नवं, मग दम का लागतो?

डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाच्या छातीत पहिल्यांदा दुसऱ्या माणसाचं हृदय बसवलं. तो पेशंट १८ दिवस जगला. (मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्येच हा प्रयत्न केला होता, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतं. तो पेशंट काही तासच जगला.) तेव्हा प्रश्न एकच होता, माणूस जगेल का? आज ट्रान्सप्लांटनंतर लोक वर्षानुवर्षं जगतात, त्यामुळे प्रश्न बदललाय. जिना चढता येईल का? कामावर परत जाता येईल का?

संशोधनात याचं उत्तर बहुतेक वेळा एका आकड्यात देतात, तो म्हणजे पीक व्हीओटू. पेशंटला मास्क लावून सायकलवर किंवा ट्रेडमिलवर बसेल-झेपेल तितकं दमवायचं आणि शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं ते मोजायचं. वजनाच्या दर किलोमागे किती मिलिलिटर, असा तो लिहितात. ट्रान्सप्लांट झालेल्यांमध्ये हा आकडा त्यांच्या वयाच्या निरोगी माणसाच्या अपेक्षित आकड्याच्या साधारण ५० ते ७० टक्केच येतो. हृदय तर चांगलं मिळालंय. मग बाकीचं गेलं कुठे?

इथे फिकचं समीकरण हाताशी ठेवा. ऑक्सिजनचा वापर म्हणजे हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं, गुणिले त्या रक्तातला किती ऑक्सिजन स्नायू काढून घेतात. म्हणजे कमतरता दोन ठिकाणी असू शकते, पंपात किंवा स्नायूत.

आधी पंप बघू. हृदय काढताना त्याच्याकडे येणाऱ्या नसा, म्हणजे मज्जातंतू, कापल्या जातात. रक्तवाहिन्या सर्जन जोडतो, नसा जोडत नाही. व्हेगस नर्व्हचा लगाम सुटल्यामुळे हे हृदय बसल्या जागी मिनिटाला ९० ते ११० ठोके देतं. तुम्ही जिना चढायला लागता तेव्हा मेंदूकडून थेट निरोप जातो आणि ठोके काही सेकंदांत वाढतात. या पेशंटला मात्र ॲड्रेनॅलिन रक्तातून हृदयापर्यंत पोचायची वाट बघावी लागते. पहिली काही मिनिटं हृदय ठोके न वाढवताच काम भागवतं: पायांकडून जास्त रक्त परत येतं, कप्पे जास्त ताणले जातात आणि प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त बाहेर पडतं. नंतर ठोके हळूहळू चढतात, पण पूर्ण उंची सहसा गाठत नाहीत. गंमत म्हणजे व्यायाम थांबल्यावरही ते थोडा वेळ वाढतच राहू शकतात, आणि उतरतात सावकाश.

आता संशोधक म्हणून विचार करा. व्यायामाचे बहुतेक प्रोटोकॉल ‘कमाल ठोक्यांच्या ७० टक्के’ अशा भाषेत असतात. २२० वजा वय हे सूत्र इथे लावलंत तर तुमचा ‘मध्यम’ व्यायाम नक्की किती जोराचा होता हे कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून या पेशंटमध्ये बोर्गची ६ ते २० ची मोजपट्टी वापरतात, म्हणजे पेशंटलाच विचारायचं, किती जड वाटतंय? मुळात ही पट्टी ६ पासून सुरू होते ती ठोक्यांशी मेळ बसावा म्हणूनच (आकडा गुणिले दहा). तो मेळच इथे तुटलेला असतो, तरी पट्टी कामाची ठरते, कारण दमल्याची जाणीव फक्त हृदयातून येत नाही.

आणि स्नायू? ट्रान्सप्लांटआधी हा माणूस कित्येक महिने हार्ट फेल्युअरमध्ये, कधी कधी अंथरुणावरच असतो. स्नायू झडतात. ऑपरेशननंतर स्टिरॉइड्स सुरू होतात, त्यांनी आणखी झडतात. सायक्लोस्पोरिन-टॅक्रोलिमससारखी औषधंही स्नायूंना मानवत नाहीत. नवं हृदय म्हणजे जुन्या, खंगलेल्या इंजिनाला नवा फ्युएल पंप. माझ्या मते नवखे वाचक नसांच्या गोष्टीत इतके रमतात की ही बाजू विसरतात.

या बाजूवर व्यायामाने काम करता येतं. १९९९ चा कोबाशिगावा आणि सहकाऱ्यांचा पेपर जरूर वाचा. २७ पेशंट; १४ जणांना सहा महिने फिजिओथेरपिस्टबरोबर आखीव व्यायाम, १३ जण घरी आपापले. व्यायाम गटात पीक व्हीओटू सरासरी ४.४ ने वाढला, म्हणजे ४९ टक्के. कंट्रोल गटातही तो १.९ ने, म्हणजे १८ टक्के वाढला. ही दुसरी ओळ दोनदा वाचा. काहीही शिस्तीत न करता माणसं सुधारली, कारण ऑपरेशननंतरचे महिने स्वतःच काम करतात. कंट्रोल गट नसता तर सगळं श्रेय व्यायामाला गेलं असतं.

अजून एक. ४.४ म्हणजे ४९ टक्के, तर सुरुवात ९ च्या आसपास, १.९ म्हणजे १८ टक्के, तर सुरुवात साडेदहाच्या आसपास. व्यायाम गट खालून निघाला होता, त्यामुळे टक्केवारीत फरक आहे त्याहून मोठा दिसतो. प्रत्यक्ष आकड्यांतला फरक २.५ आहे आणि तो छोटा नाही, पण तुमच्या रिव्ह्यूमध्ये नुसतं ‘४९ टक्के सुधारणा’ लिहू नका.

२० वर्षांनी, २०१९ मध्ये, स्कँडिनेव्हियातल्या हिट्स ट्रायलने ८१ पेशंट घेतले. आता कुणालाच व्यायामाशिवाय ठेवलं नव्हतं. तुलना होती जोरदार इंटर्व्हल आणि मध्यम व्यायाम यांच्यात. वाढ २५ विरुद्ध १५ टक्के. हे १५ टक्के आणि कोबाशिगावांचे १८ टक्के शेजारी ठेवून ‘मध्यम व्यायामाचा उपयोग नाही’ असं म्हणायचा मोह होईल. म्हणू नका. पेशंट वेगळे, काळ वेगळा आणि सुरुवातीची पातळीही वेगळी.

काहींच्या हृदयात पुढे काही वर्षांत नसा अंशतः परत वाढतात, आणि अशांची व्यायामक्षमता चांगली आढळते. नसांमुळेच आढळते का, हे सिद्ध करणं अवघड आहे: ट्रान्सप्लांटला जितका काळ लोटला तितक्या नसा वाढण्याची शक्यता जास्त, आणि त्याच काळात बाकी बरंच काही बदललेलं असतं.

या विषयावर प्रोटोकॉल लिहिणार असाल तर सुरक्षेच्या परिच्छेदाकडे विशेष लक्ष द्या. ‘छातीत दुखलं तर टेस्ट थांबवावी’ हे वाक्य दुसऱ्या प्रोटोकॉलमधून उचलून चालत नाही. नसा कापलेल्या असल्याने हृदयाला रक्त कमी पडलं तरी या पेशंटच्या छातीत बऱ्याचदा दुखतच नाही. ईसीजी, रक्तदाब, अचानक लागलेला दम, चक्कर, हे सगळं थांबवण्याच्या निकषांत वेगवेगळं लिहा, आणि टेस्ट संपल्यावर पेशंटला लगेच सायकलवरून उतरवू नका.