कुंपणापलीकडचा विमानतळ

२६ एप्रिल १९९३ रोजी भर दुपारी चिकलठाण्याच्या विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे एक बोइंग विमान मुंबईकडे निघाले. दिल्ली, जयपूर, उदयपूर असे मुक्काम घेत ते औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, आले होते. विमानात कर्मचाऱ्यांसह ११८ माणसे होती. धावपट्टी संपत आली तेव्हा कोठे विमानाने जमीन सोडली; आणि नेमक्या त्याच क्षणी धावपट्टीच्या टोकापलीकडील बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेला एक ट्रक चालला होता. विमानाचे डावे चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग त्या ट्रकवर आदळला. पुढे सुमारे तीन किलोमीटरवर विजेच्या उच्च दाबाच्या तारांना धडकून विमान कोसळले. ५५ माणसे मृत्युमुखी पडली, ६३ वाचली.

चौकशीत दोन कारणे पुढे आली. विमानाचे नाक वर उचलण्यास वैमानिकाने उशीर केला आणि ते उचलण्याची रीतही चुकली, हे पहिले कारण. दुसरे असे की, उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरील वाहतूक रोखण्याची व्यवस्था तत्कालीन राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने केली नव्हती. पहिल्या कारणाची चर्चा पुष्कळ झाली, कारण चूक करणारा माणूस दाखवता येतो. दुसऱ्या कारणाचा मात्र आपल्याला लवकर विसर पडला. रेल्वेचे रूळ रस्त्याला छेदून जातात तेथे फाटक असते, फाटकाशी माणूस असतो, आणि गाडी येण्यापूर्वी फाटक बंद करायचे असते, हे खेड्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. धावपट्टीच्या तोंडाशी असलेल्या रस्त्याला एवढीही काळजी लाभू नये, याला नशीब म्हणावयाचे काय?

विमानतळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काचेची इमारत उभी राहते. कोनशिला तिचीच बसते, फीत तिचीच कापली जाते आणि छायाचित्रही तिचेच छापून येते. परंतु विमानाच्या दृष्टीने ही इमारत जवळजवळ निरर्थक आहे. त्याला हवी असते पुरेशी लांब धावपट्टी, तिच्या दोन्ही टोकांना मोकळी जमीन आणि त्याही पुढे मोकळे आकाश. धावपट्टी व तिच्याभोवतीचा पट्टा संपल्यावर किमान ९० मीटर, आणि मोठ्या धावपट्टीस २४० मीटर, सुरक्षित क्षेत्र असावे, असे आंतरराष्ट्रीय संकेत सांगतात. उपकरणांच्या साह्याने विमाने उतरतात अशा मोठ्या धावपट्टीसमोर दर ५० मीटर अंतरामागे फार तर १ मीटर उंची चालते. म्हणजे हे आकाश एखाद्या उतरत्या छपरासारखे असते. त्या छपराला भोक पाडून वर येण्याचा अधिकार इमारतीला नाही, मनोऱ्याला नाही आणि झाडालाही नाही. थोडक्यात, विमानतळाचा महत्त्वाचा भाग त्याच्या कुंपणाबाहेर असतो.

ही मोकळी जागा किती मोलाची असते, हे दक्षिणेकडील दोन अपघातांनी दाखवून दिले. २२ मे २०१० रोजी मंगळूर येथे विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेले आणि १५८ माणसे मेली. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोड येथे पावसात उतरणारे विमान असेच टोकावरून खाली कोसळून २१ जण दगावले. दोन्ही धावपट्ट्या टेकडीचा माथा सपाट करून बांधलेल्या. दोन्ही वेळी चौकशीने मुख्य ठपका विमान उतरवणाऱ्याच्या निर्णयावर ठेवला, आणि तो चुकीचा होता असे म्हणण्याचे कारण नाही. पण माणूस चुकणार, हे गृहीत धरूनच तर सुरक्षेची आखणी करावयाची असते. सपाट मैदानावर जी चूक विमानाची चाके मोडून भागते, तीच दरीच्या काठावर माणसांचे बळी घेते.

सोलापूरचे उदाहरण निराळ्या जातीचे आहे. तेथे अपघात झाला नाही. विमानसेवाच अडून राहिली. होटगी रस्त्यावरील विमानतळानजीक सहकारी साखर कारखान्याच्या वीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी उभी होती. ती पाडावी की ठेवावी, यावरून शहर कित्येक वर्षे दुभंगले. विमान हवे म्हणणाऱ्यांचे म्हणणे असे की, उद्योग, वैद्यकीय सोयी आणि तरुणांच्या नोकऱ्या त्यावर अवलंबून आहेत. कारखान्याचे सभासद विचारीत होते की, विमानात न बसणाऱ्या शेतकऱ्याने आपल्या उसाची किंमत त्यासाठी का मोजावी? दोन्ही प्रश्न खरे होते. अखेर १५ जून २०२३ रोजी चिमणी पाडण्यात आली आणि जून २०२५ मध्ये गोव्याकडे नियमित विमान सुरू झाले. मात्र तिसरा प्रश्न तसाच राहिला. चिमणी काही एका रात्रीत उगवत नाही. तिचा पाया खणला गेला तेव्हाच हा वाद कायमचा मिटला असता, तर पैसा आणि मने, दोन्ही वाचली नसती काय?

प्रादेशिक विमानसेवेला विरोध करण्याचा येथे हेतू नाही. २०१६ साली जाहीर झालेल्या ‘उडान’ योजनेने तासाभराच्या प्रवासासाठी, निम्म्या आसनांपुरते का होईना, २५०० रुपयांचे भाडे ठरवून दिले. एप्रिल २०१७ मध्ये नांदेड या योजनेच्या पहिल्या शहरांत होते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या माणसाला ही आशा मोठी होती. पण या योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत बहाल झालेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच होऊ शकले नाहीत, आणि जे ३७१ सुरू झाले त्यांतील केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षांची सवलतीची मुदत पुरी केली, असे महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये नोंदवले. घाईने फीत कापण्याची किंमत अशीही मोजावी लागते.

मग करावे काय? धावपट्टीच्या टोकांची जमीन इमारतीच्या आधी घ्यावी, आणि ज्याची ती जमीन त्याचा मोबदला त्याहून आधी द्यावा. कोणत्या गटात किती उंचीचे बांधकाम चालेल याचा नकाशा दिल्लीच्या कार्यालयात असून भागत नाही. तो मराठीत, गटक्रमांकांसह, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. विमानतळाभोवती १० किलोमीटरच्या परिसरात उघड्यावर कचरा टाकू नये, कारण त्यावर जमणारे पक्षी इंजिनात शिरतात, हा नियम नगरपालिकेच्या मुकादमालाही माहीत हवा. या गोष्टी खर्चाच्या कमी आणि दक्षतेच्या अधिक आहेत. म्हणूनच कदाचित त्या राहून जातात.

आपल्यापैकी पुष्कळांनी, शिक्षकांनी वा कचेरीत खर्डेघाशी करणाऱ्यांनी, अद्याप विमानात पाऊलही ठेवले नसेल. तरीही हा प्रश्न आपला आहे. १९९३ च्या त्या दुपारी रस्त्यावर जो ट्रक होता, तो हाकणाऱ्या माणसापाशी विमानाचे तिकीट नव्हते. तो आपला माल घेऊन, आपल्या वाटेने, नित्यासारखा चालला होता. थोडा वेळ थांब, एवढे सांगणारा एक माणूस तेवढा त्या रस्त्यावर नव्हता.