नियमपुस्तिका आणि तोंडी समज

लष्करी वैमानिक म्हणजे नियमांना न जुमानणारा, केवळ धाडसावर जगणारा पुरुष, ही समजूत चित्रपटांनी आणि कादंबऱ्यांनी रूढ केली आहे. प्रत्यक्षात त्याच्याइतकी नियमांनी बांधलेली माणसे थोडीच असतील. विशेष हे की, त्याचे नियम बाहेरच्या कोणी घालून दिलेले नसतात. नागरी विमानवाहतुकीची घडी बसविणारा 1944 चा शिकागो करार लष्करी विमानांना लागू नाही. त्याच्या तिसऱ्या कलमानेच लष्कर, जकात व पोलीस खात्यांची विमाने वगळली आहेत. मात्र आपल्या सरकारी विमानांसाठी नियम करताना नागरी विमानांच्या सुरक्षिततेची योग्य ती बूज राखू, अशी हमी राष्ट्रांनी त्याच कलमात दिली आहे. म्हणजे लष्कराने आपले नियम आपणच लिहावयाचे आणि आपणच पाळावयाचे. यांपैकी लिहिण्याचे काम त्या मानाने सोपे.

अमेरिकी हवाई दलाने आपल्या उड्डाणविषयक नियमांत ते तपशिलाने केलेले आहे. समोरासमोर आलेल्या दोन्ही विमानांनी उजवीकडे वळावे, संकटात सापडलेल्या विमानाला इतरांनी वाट द्यावी, पुरेशी विश्रांती झाल्याखेरीज वैमानिकाने विमानात पाऊल ठेवू नये, अशी ही कलमे आहेत. त्यांतील गाभ्याचे कलम प्रमुख वैमानिकाविषयीचे आहे. त्याचा हुद्दा कोणताही असो, विमानाच्या संचालनाचा अंतिम अधिकार त्याचा आणि अंतिम जबाबदारीही त्याचीच. शेजारी त्याचा वरिष्ठ बसलेला असला, तरी त्यात फरक पडत नाही. संकटप्रसंगी विमान आणि माणसे वाचविण्यासाठी नियम बाजूला ठेवण्याची मुभाही त्यालाच आहे. अधिकार आणि जबाबदारी एकाच माणसाच्या ठायी ठेवण्यामागचा हेतू उघड आहे: आकाशात समिती भरवून निर्णय घेता येत नाही. पण ज्याला एवढा अधिकार दिला, तोच नियम मोडू लागला, तर त्याला आवरावयाचे कोणी, याचे उत्तर नियमपुस्तिकेत सापडत नाही. ते जमिनीवरच्या वरिष्ठांनी द्यावयाचे असते.

24 जून 1994 रोजी वॉशिंग्टन राज्यातील फेअरचाइल्ड हवाई तळावर हे उत्तर न दिल्याची किंमत मोजावी लागली. आगामी हवाई प्रदर्शनाची तालीम चालू असताना बी-52 जातीचे एक बाँबफेकी विमान नियंत्रण मनोऱ्याभोवती जेमतेम अडीचशे फूट उंचीवरून वळण घेऊ लागले. विमान आठ इंजिनांचे, पंखांचा विस्तार 185 फूट. ते वळताना इतके कलले की पंखांची उचलच नाहीशी झाली आणि ते कडेवर उभे होऊन जमिनीवर आदळले. आतले चारही अधिकारी ठार झाले. त्यांतील एकाची पत्नी व मुले तो प्रसंग पाहत होती.

विमान चालवीत होते लेफ्टनंट कर्नल बड हॉलंड. पाच हजारांहून अधिक तासांच्या उड्डाणाचा अनुभव असलेले हे गृहस्थ त्या तळावरील वैमानिकांच्या मूल्यमापन विभागाचे प्रमुख होते; इतर वैमानिक नियम पाळतात की नाही, हे पाहणे हेच त्यांचे काम. त्यांनी स्वतः मात्र 1991 पासून जवळजवळ प्रत्येक प्रदर्शनात विमानाच्या मर्यादा ओलांडल्या होत्या. मार्च 1994 मध्ये याकिमा येथील सरावक्षेत्रात चित्रीकरणाच्या निमित्ताने त्यांनी विमान इतके खाली आणले की डोंगरमाथा ओलांडताना काही फुटांचेच अंतर राहिले आणि सहवैमानिकाला मध्ये पडावे लागले. त्यानंतर स्क्वॉड्रनप्रमुख लेफ्टनंट कर्नल मार्क मॅकगीहन यांनी हॉलंड यांचे उड्डाण बंद करावे अशी मागणी केली. वरिष्ठ अधिकारी कर्नल विल्यम पेलेरिन यांनी ती मानली नाही. तोंडी समज देऊन विषय मिटविला.

ही तोंडी समज कोणत्याही कचेरीत काम केलेल्याच्या परिचयाची असेल. तिची सेवापुस्तकात नोंद होत नाही, गोपनीय अहवालात शेरा पडत नाही. देणाऱ्याला कर्तव्य केल्याचे समाधान मिळते आणि घेणाऱ्याचे काही बिघडत नाही. फेअरचाइल्डवर त्या तीन वर्षांत वरिष्ठ वारंवार बदलले. लेखी काहीच नसल्याने नव्याने आलेल्या प्रत्येकाला हॉलंड यांचा अपराध पहिलाच वाटे. शिवाय ते निष्णात वैमानिक, आणि निष्णात माणसाला नियमाची आठवण करून देणे अनेकांना कोतेपणाचे वाटते. जून महिन्यातील प्रदर्शनासाठी विमान 45 अंशांपेक्षा अधिक कलवू नये, असा स्पष्ट आदेश त्यांना देण्यात आला होता. 17 जूनच्या तालमीत तो आदेश त्यांनी वारंवार मोडला. पेलेरिन त्या दिवशी विमानातच होते, आणि उड्डाण सुरक्षित असल्याचा निर्वाळा त्यांनी दिला.

मॅकगीहन यांच्या हाती मग एकच उपाय उरला. आपण स्वतः शेजारी बसल्याखेरीज आपल्या कोणत्याही वैमानिकाने हॉलंड यांच्याबरोबर उड्डाण करू नये, असे त्यांनी ठरविले. म्हणूनच 24 जून रोजी सहवैमानिकाच्या जागेवर तेच होते. त्यांची पत्नी आणि मुले खालून पाहत होती. विमानात हॉलंड यांच्याहून वरच्या हुद्द्याचा एक कर्नलही होता. परंतु नियमानुसार अखेरचा शब्द हॉलंड यांचा. पुढे पेलेरिन यांनी लष्करी न्यायालयात कर्तव्यात कसूर केल्याची कबुली दिली. शिक्षा म्हणून पाच महिने त्यांच्या पगारातून दरमहा दीड हजार डॉलर कापण्यात आले.

फेअरचाइल्डवर मेले ते गणवेशातले लोक होते. चार वर्षांनी, 3 फेब्रुवारी 1998 रोजी, इटलीतील काव्हालेझे या पर्वतीय गावाजवळ अमेरिकी मरीन दलाच्या विमानाने दोन हजार फुटांची किमान मर्यादा सोडून चारशे फुटांखालून जाताना रज्जुमार्गाची तार तोडली. पाळण्यातील वीसही माणसे मेली. विमान मात्र तळावर सुखरूप परतले. इटलीला वैमानिकावर खटला चालविता आला नाही, कारण 'नाटो' राष्ट्रांमधील 1951 च्या करारानुसार तो अधिकार अमेरिकेकडे होता. उंचीची ही मर्यादा आपल्याला ठाऊक नव्हती आणि आपल्या नकाशावर रज्जुमार्ग दाखविलेलाच नव्हता, असा बचाव करण्यात आला. नकाशापुरता तो खराही होता. मार्च 1999 मध्ये लष्करी न्यायालयाने वैमानिकाला मनुष्यवधाच्या आरोपातून मुक्त केले. दोन महिन्यांनी त्याला सहा महिन्यांची कैद झाली, ती त्या उड्डाणात विमानात घेतलेली चित्रफीत नष्ट करण्यात भाग घेतल्याबद्दल.