हात मागे बांधलेला सर्जन

मेव्हण्याला अपघातानंतर कॅज्युअल्टीत नेलं, तेव्हा त्याच्याभोवती सहा जण होते आणि सहाही जण एकदम बोलत होते. "कुणीतरी रक्त मागवा," हे वाक्य मी तीनदा ऐकलं. रक्त आलं अर्ध्या तासाने. मेव्हणा वाचला, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. सर्जरीच्या निवासी डॉक्टरांना ट्रॉमा टीम कशी चालवायची हे शिकवतात असं कळलं, तेव्हा मुंबईतल्या एका रुग्णालयात परवानगी काढून दिवसभर बसलो.

खोलीत स्पिरिटचा वास होता आणि त्यात मिसळलेला नव्या रबराचा. हा दुसरा वास स्ट्रेचरवरच्या पुतळ्याचा. त्याची छाती पंपावर खालीवर होते. स्ट्रेचरच्या पायथ्याशी फरशीवर पिवळ्या चिकटपट्टीचा चौकोन आखलेला. लीडरने त्यातच उभं राहायचं.

शिकवणाऱ्या मॅडमनी सुरुवात केली 'दहा सेकंदां'पासून. पेशंटला नाव विचारायचं, काय झालं ते विचारायचं. नीट उत्तर आलं, तर श्वासमार्ग मोकळा आहे, बोलण्याइतकी हवा आत जातेय आणि मेंदूला रक्त पोचतंय. एवढं सगळं दहा सेकंदांत. पुढे ए, बी, सी, डी, ई: श्वासमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण, मेंदू आणि शेवटी कपडे कापून अंगभर तपासणी.

पहिली पाळी तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाची. पुतळा फक्त कण्हला. डाव्या बाजूला हवा जात नव्हती, प्रेशर पडत होतं. छातीत हवा कोंडली आहे, एक्स-रेची वाट पाहायची नाही, हे त्याने अचूक ओळखलं. आणि लगेच ग्लोव्हज चढवून चौकोनाबाहेर पडला. नळी इतकी सफाईने टाकली की मी बघतच राहिलो. तेवढ्यात वेळेची नोंद ठेवणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "सर, प्रेशर साठ." पुन्हा म्हणाल्या. त्याची मान वर झाली नाही. मोडलेल्या पेल्व्हिसमधून रक्त आतल्या आत वाहत होतं, आणि कंबरेभोवती साधी चादर आवळायचंही कुणाला सुचलं नव्हतं.

मॅडमनी थांबवलं. "नळी सुंदर टाकलीस. पेशंट गेला."

पोरगा कानापर्यंत लाल झाला. मला त्याची दया आली. ज्या हातांसाठी इतकी वर्षं घासली, तेच आवरायला सांगत होते.

"आणि 'कुणीतरी' नावाचा माणूस आपल्याकडे कामाला नाही," मॅडम पुढे म्हणाल्या. माणसाकडे बघून, नाव घेऊन सांगायचं. त्याने ऐकलेलं परत म्हणायचं, आणि काम झालं की तेही सांगायचं.

दुसऱ्या खेपेला तो चौकोनात उभा राहिला तेव्हा त्याने दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. बोटं पांढरी पडली होती. "सिस्टर, ओ निगेटिव्हच्या दोन बॅगा." "ओ निगेटिव्ह, दोन बॅगा, मागवते." नळी ज्युनिअरने टाकली, जरा वेडीवाकडी. त्याचा खांदा पुढे झुकला, पण पाय हलला नाही. या वेळी "प्रेशर सत्तर" पहिल्याच हाकेला ऐकू गेलं. वॉर्डातल्या मामांनी चादर आवळली.

या शिस्तीचं मूळ एका विमान अपघातात आहे. फेब्रुवारी 1976 मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात अस्थिशल्यविशारद जेम्स स्टायनर यांचं छोटं विमान कोसळलं. पत्नी जागीच गेली. जखमी मुलांना जे उपचार मिळाले ते पाहून ते हादरले. त्यातून 1978 मध्ये पहिला एटीएलएस, म्हणजे 'अ‍ॅडव्हान्स्ड ट्रॉमा लाइफ सपोर्ट' कोर्स झाला आणि 1980 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो स्वीकारला. गंमत म्हणजे तो बेतला होता लहान गावात एकट्याने झुंजणाऱ्या डॉक्टरसाठी. टीमचा धडा नंतर आला.

आपल्याकडे मला तो एकटा डॉक्टरच जास्त दिसतो. शिवाय पुतळा किंचाळत नाही, त्याचे नातेवाईक दारावर धडका मारत नाहीत. तरीही हे प्रशिक्षण प्रत्येक निवासी डॉक्टरला सक्तीचं हवं, आणि सिस्टर व मामांनाही त्याच्यासोबत. पण लीडरने हात मागे बांधायचे, तर पुढे काम करणारे हात हवेत.

निघताना त्या मुलाला विचारलं, आज रात्री ड्युटी आहे का? त्याने भिंतीवरचा तक्ता दाखवला. दिवसभर सहा जणांच्या टीमचा सराव झाला होता. रात्रीच्या रकान्यात डॉक्टरांची नावं दोन होती.