संत्र्याची साल आणि चिप्सचं पाकीट

आंबिया बहाराची संत्री कळमन्याच्या बाजारात उतरली की नागपुरात घरोघरी सालींचे ढीग पडतात. त्या ढिगात जाणारी एक साल आज जरा थांबून पाहू या.

संत्रं हातात घ्या आणि देठाजवळ अंगठा रुतवा. नागपुरी संत्र्याची साल सैल, दोन-तीन ओढीत सुटते. सुटताना बारीक फवारा उडतो आणि बोटांना वास लागून राहतो. आत दहा-अकरा फोडी, प्रत्येकीला स्वतःचा पापुद्रा. तो अलगद सोलून फोड उजेडात धरली की रसाचे इवले इवले कोष दिसतात, एकेक वेगळा बंद केलेला. म्हणजे रस तीनदा गुंडाळलेला आहे! एक फोड फुटली तरी शेजारची शाबूत राहते.

सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो आतलं पाणी उडू देत नाही. पण सूक्ष्म छिद्रंही असतात, कारण झाडावरून तोडलेलं संत्रंसुद्धा श्वास घेत असतं. हवाबंद कोंडलं तर ते गुदमरतं आणि त्याची चव बिघडते. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने संत्री दूर पाठवण्यासाठी सुचवलेली पद्धत हाच धडा गिरवते. फळं धुताना मूळचं मेण निघून जातं म्हणून वरून पुन्हा मेण चढवायचं, आणि पुठ्ठ्याच्या पेटीला हवेसाठी भोकं ठेवायची.

आता चिप्सचं पाकीट घ्या. तेही थरांचंच. बाहेर छपाईचं प्लास्टिक, आत उष्णतेने चिकटणारं प्लास्टिक, आणि त्यांच्यासोबत अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा. हा मुलामा केसाच्या जाडीच्या साधारण हजाराव्या हिश्शाएवढा असतो. तरी तो उजेड, ओल आणि प्राणवायू अडवतो, म्हणून चिप्स महिनोन्‌महिने कुरकुरीत राहतात. कारागिरी थक्क करणारी आहे. तरीही हे पाकीट भंगारवाला घेत नाही. दुधाची धुतलेली पिशवी घेतो, पाण्याची बाटली घेतो, हे मात्र बाजूला सारतो.

कारण साधं आहे. दुधाची पिशवी पॉलिथिनची, वितळवली की पुन्हा पॉलिथिनच. पाकिटात मात्र वेगवेगळे पदार्थ एकमेकांना असे चिकटलेले असतात की ते सोडवणं परवडत नाही. संत्र्याचेही थर अनेक, पण ते सगळे एकाच घराण्यातले, वनस्पतीच्या पेशींनी घडवलेले. मातीतले जीव ते सगळेच पचवतात. पाकिटाची रचना करणारे आता याच वाटेने निघाले आहेत. सगळे थर शक्यतो एकाच जातीच्या प्लास्टिकचे ठेवायचे, म्हणजे पाकीट एकजिनसी होतं आणि पुन्हा वितळवता येतं.

कधी कधी इलाज याहून लहान असतो. दुधाच्या पिशवीचा कोपरा आपण कापून टाकतो. पिशवी भंगारात जाते, पण नखाएवढा तो तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, नाल्यात जातो. थंड पेयांच्या डब्यांचंही असंच होतं. पूर्वी त्यांची कडी ओढून फेकून द्यायची पद्धत होती. १९७५ मध्ये अमेरिकेत डब्यालाच चिकटून राहणारी कडी आली आणि त्या धारदार कड्या रस्त्यावर पडणं हळूहळू थांबलं. जुलै २०२४ पासून युरोपीय संघात पेयांच्या प्लास्टिक बाटल्यांचं झाकणही बाटलीला जोडलेलंच असावं लागतं. दुधाची पिशवी कापताना आपण कात्री अर्ध्यावर थांबवली की तेच साधतं.

सगळं एकाच घराण्यातलं ठेवणं आपल्या विदर्भाला तर पळसाने कधीच शिकवलं होतं. पळसाला पानं तीनच, पण ती रुंद आणि चिवट. बारीक काड्यांनी टाचली की पत्रावळ तयार, खोलगट वळवली की द्रोण. पानही झाडाचं, टाचणीही झाडाची. पंगत उठली की सगळं एकत्र उकिरड्यात, काहीच वेगळं काढायला नको. पत्रावळीची जागा पुढे थर्मोकोलच्या ताटांनी घेतली. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये त्यांच्यावर बंदी घातली, पण जुनी ताटं सहजासहजी मातीत मिसळायची नाहीत.

घरात थर्मोकोलचा एखादा तुकडा सापडला तर त्यावर संत्र्याची ताजी साल जोरात पिळून पाहा. जिथे तेल पडतं तिथे थर्मोकोल मऊ पडून खचू लागतो. सालीतल्या तेलात लिमोनीन असतं आणि त्यात थर्मोकोल विरघळतो. जपानच्या सोनी कंपनीतल्या संशोधकांनी याच गुणावर थर्मोकोलच्या पुनर्वापराची पद्धत बसवली होती. निसर्गाच्या वेष्टणाने माणसाचं वेष्टण विरघळवावं, हे डोळ्यांनी पाहताना अंगावर काटा येतो.

नंतर ती साल कुंडीत टाका. पावसाळ्यापर्यंत ती कुठे होती, हेही सापडणार नाही.