अराज्यवादाचा लेख कोण लिहितं?

१९१० साली ‘एनसायक्लोपीडिया ब्रिटानिका’ची ११वी आवृत्ती निघू लागली. एकूण २९ खंड. त्यातल्या पहिल्याच खंडात अराज्यवादावर नोंद आहे. सरकार, सक्ती, वरून येणारा हुकूम यांच्यावाचून माणसं गुण्यागोविंदानं एकत्र नांदू शकतात, असं मानणारा हा विचार. ही नोंद कोणाकडून लिहून घेतली असेल? थेट पीटर क्रपोटकिनकडून! रशियातल्या बड्या सरदार घराण्यात जन्मलेला, सैबेरिया पालथा घातलेला भूगोलतज्ज्ञ, १८७६ मध्ये पीटर्सबर्गच्या कैदेतून निसटलेला आणि पुढे याच विचाराचा नामांकित प्रवक्ता झालेला माणूस.

पण ही नोंद जरा बारकाईनं वाचा. क्रपोटकिनच्या मजकुराला लागून मध्येच एक वेगळा आवाज ऐकू येतो. तो ब्रिटानिकाच्या संपादकाचा. तात्त्विक अराज्यवादी हिंसक कृत्यांशी आपलं नातं नाकारतील हे खरं, पण वाचक ही माहिती इथेच शोधणार, असं सांगून त्यानं अशा घटनांची जंत्री जोडून दिली आहे. लेखक एक सांगतो, संपादक दुसरं. यावर क्रपोटकिनचं म्हणणं काय होतं? ते सांगायला छापील पानावर जागाच नव्हती.

आता सुमारे ९० वर्षं पुढे या. १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला आणि त्याच वर्षी इंग्रजी विकिपीडियावर या विषयाचा लेख आला. या लेखाला एक लेखक नाही. या विचाराचे भक्त, कट्टर विरोधक, प्राध्यापक, शाळकरी पोरं, सगळ्यांना तो दुरुस्त करायची मुभा. दंगा वाढला तर नवख्यांना थांबवतात, एवढंच. अंतिम शिक्का मारणारा मुख्य संपादक नाही. मग चार महिन्यांत त्याचा पार चिखल व्हायला हवा होता. का झाला नाही?

पहिलं आश्चर्य लेखाच्या माथ्यावरच आहे: ‘इतिहास पहा’. दाबलं की लेखाची एकेक आवृत्ती तारीखवार समोर येते. कोणत्याही दोन निवडा. डावीकडे जुनी, उजवीकडे नवी, आणि बदललेला शब्द रंगवून दाखवलेला. एखाद्यानं ‘सर्व’ काढून ‘बहुतेक’ घातलं असेल, तर तेवढा एक शब्द चमकतो. यंत्राला अर्थ कळत नाही. दोन्ही मजकुरांत समान असलेला जास्तीत जास्त भाग ते शोधतं आणि उरलेलं तुमच्यापुढे ठेवतं. बस्स!

याचा परिणाम काय होतो बघा. गावातल्या भिंतीवर डांबर फासायला पाच मिनिटं लागतात आणि ती साफ करायला अख्खा दिवस. इथे नेमकं उलटं आहे. घाण करणाऱ्याला टाइप करत बसावं लागतं, साफ करणाऱ्याला एक क्लिक पुरते. शिवाय क्लूबॉट एनजी नावाचा स्वयंचलित पहारेकरी आहेच. उघडउघड विध्वंस असेल तर तो बऱ्याचदा काही सेकंदांतच उलटवतो.

आणि दोघांनी एकाच वेळी लेख उघडला तर? सॉफ्टवेअर तीन मजकूर शेजारी मांडतं: दोघांनी जिथून सुरुवात केली तो, तुमचा आणि त्याचा. बदल वेगवेगळ्या परिच्छेदांत असले तर दोन्ही गुपचूप विणले जातात, तुम्हाला पत्ताही लागत नाही. एकाच ओळीवर दोन हात पडले, तरच ते थांबून तुम्हाला विचारतं.

पण खरी भांडणं ओळींवरून नसतातच. अराज्यवाद फक्त राज्यसंस्थेच्या विरोधात आहे की प्रत्येक उतरंडीच्या? राज्य नको पण खाजगी मालमत्ता आणि बाजार हवा, असं म्हणणाऱ्या मरे रॉथबार्डसारख्यांना अराज्यवादी म्हणायचं का? १८४० मध्ये मालमत्तेवरच घाव घालणाऱ्या प्रूधाँच्या वारसांना हे कसं पटावं? या प्रश्नांवर लेखाच्या चर्चापानावर वर्षानुवर्षं खल झाला आहे.

तो मिटवायची युक्ती मला सगळ्यांत विलक्षण वाटते. बरोबर कोण, हे ठरवायचंच नाही! कोणी, कोणत्या पुस्तकात, काय म्हटलंय तेवढं लिहायचं आणि आधार द्यायचा. ‘असं आहे’वर भांडणाऱ्या दोघांचं ‘अमुक असं म्हणतो’वर मात्र जमू शकतं. तरीही कोणी हट्टानं दुसऱ्याचं खोडतच राहिला, तर २४ तासांत एकाच पानावर तीनदाच उलटवता येतं. चौथ्यांदा केलंत तर संपादनबंदी ओढवू शकते.

म्हणजे सत्तेवाचून जगण्यावरचा लेख नियमांवर उभा आहे. विकिपीडियाच्या धोरणात हे स्पष्टच लिहिलंय: आमचं काम ज्ञानकोश रचणं आहे, अराज्यवादाच्या मर्यादा तपासणं नाही. मात्र हे नियम सहसा संपादकच आपसांत चर्चा करून घडवतात आणि बदलतात. सहकार्य हे निसर्गातलं मोठं बळ आहे, असं १९०२ च्या आपल्या ग्रंथात मांडणाऱ्या क्रपोटकिनला हे बघायला आवडलं असतं, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक नवल. इंग्रजी विकिपीडियाच्या कोठारात या लेखाचा क्रमांक १२ आहे. त्याच्या आधी यादीत येतं ते दुसरीकडे धाडणारं पान, त्यामुळे पहिला खराखुरा लेख हाच! या कोठाराच्या ३ मार्च २००६ च्या प्रतीतले सुरुवातीचे १० कोटी बाइट घेऊन त्याच वर्षी संगणकशास्त्रज्ञ मार्कस हटर यांनी स्पर्धा लावली: हा मजकूर जास्तीत जास्त दाबून लहान करा. पुढचं अक्षर जितकं नेमकं ओळखता येईल, तितका मजकूर लहान होतो. त्यामुळे भाषा शिकणाऱ्या कितीतरी यंत्रांची परीक्षा याच मजकुरावर झाली. त्या तारखेला भांडणातून जी वाक्यं तगली होती, तीच त्यांच्या धड्यात सर्वांत आधी आली.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून सुरू आहे. त्यावरचा तुमच्या माहितीतला कुठलाही लेख काढा, ‘चर्चा’ वाचा, ‘इतिहास पहा’वर जा. चूक दिसली तर आधार देऊन दुरुस्त करा. तुमची दुरुस्ती चुकली, तर ती उलटवायची सोय आहेच.